बर्फ आसा, बर्फ नाय

रात्री अडीचला फोन थरथरतो.
हैदराबादच्या कुठल्याशा गार खोलीत
एका डेटाबेसने मान टाकली आहे,
शेजारच्याने कारभार हाती घेतला आहे,
आणि नोंदवहीत अजून
'प्रमुख' हा टॅग जुन्याच्याच गळ्यात.
सगळ्या विनंत्या तिकडेच जातायत,
कुलूपबंद दारावर थापा मारत.

टॅग बदलायचा तर जॉबची फाईल बदला.
फाईल बदलली की यंत्रणा म्हणते,
हा आता निराळा जॉब:
जुना मारते, नवा उठवते.
म्हणजे एका शब्दासाठी
धडधाकट चालणाऱ्यालाही मारायचं,
हातातल्या चारशे अर्धवट व्यवहारांसकट.

मी खिडकी उघडते.
सर्जेकोटच्या जेटीवर एकच दिवा,
त्याच्याखाली काळी पाटी,
पाटीवर खडूने: बर्फ आसा.
कारखाना इथे नाहीच,
तो वर, खाडीच्या वळणापलीकडे, पास्कूचा.
होड्या आत शिरताना पाटी वाचतात
आणि ठरवतात, सुरमई कुठे उतरवायची.

पाटी गजूची. सातवीत शाळा सोडलेला.
पास्कूचे दोन मिस्ड कॉल म्हणजे आसा,
एक म्हणजे नाय.
गजू मनगटाने पुसतो, पुन्हा लिहितो.
तिकडे कंप्रेसर चालूच,
पास्कू खुर्चीत पेंगतोय.
पाटी बदलायला
कारखाना पाडून नवा बांधावा लागतो
हे गजूला अजून कुणी शिकवलेलं नाही.

मी एकदा विचारलं होतं,
फोनच वाजला नाही तर?
"तर सायकल मारतंय, नि बगून येतंय."

चुकला एकदाच.
रात्रभर दशावतार बघत बसला,
पाटीवर 'आसा' तसंच.
तीन होड्या खाडीत शिरल्या,
ओहोटीला तिथेच बसल्या.
सकाळी बांगड्याचे डोळे पांढरे
आणि शेवंतीकाकीच्या तोंडून
गजूच्या सात पिढ्यांचा उद्धार.

त्याच शेवंतीकाकीने
गेल्या कार्तिकात सोसायटीच्या वहीत
एक नाव खोडलं.
बारा वाव पाण्यात विश्रामकाकाचा डावा हात
सुकाणूवरून आपोआप घसरला होता.
लवूने तो उचलून काकाच्या मांडीत ठेवला,
स्वतः सुकाणू धरलं. इंजिन बंद केलं नाही.
वायरलेसवर एवढंच:
"आतापासून माका विचारा."
काकीने 'तांडेल' या रकान्यात
नवऱ्यावर रेघ मारली,
पेन न दाबता,
आणि पुढे लिहिलं, लवू कुबल.
होडी बंदरात लागली तेव्हा
वही आधीच खरी झाली होती.

मी परत खुर्चीत बसते.
मूळ कामाला हात लावत नाही.
त्याच्या शेजारी एक लहानसा प्रोग्राम बसवते,
दर पाच सेकंदांनी विचारणारा,
बाबा रे, आत्ता प्रमुख कोण?
उत्तर आलं की फक्त तो शब्द पुसायचा,
तो शब्द लिहायचा.
उत्तर आलं नाही
तर सायकल मारून बघून यायचं.

नाव काय द्यावं सुचेना. गजू दिलं.
सकाळी पुण्याहून मिहीर विचारेल,
हे जीएजेयू कशाचं संक्षिप्त रूप?
सांगेन काहीतरी.

सव्वाचारला विनंत्या वळल्या.
एकही व्यवहार पडला नाही.
ते बघायला जागं कुणीच नव्हतं,
मी सोडून, आणि खाली जेटीवर
जाळं विणत बसलेला विश्रामकाका,
उजव्या हाताने आणि दातांनी.

टेम्पोवाल्याने लांबूनच हाक मारली,
"ओ तांडेलानु!"
काका वळला.
सवयीनेच वळला असेल.
दातांतला दोरा काढला,
"तांडेल दर्यात आसा," म्हणाला,
"तुका काय व्हया ता माका सांग,
मी त्येका कळवतंय."