फुल्या

आमचं दुकान नौपाड्यात, खाली चष्म्याचं, वर कानाचं.
जिना चढणारे बहुतेक ओरडतच येतात.

फोनवर टिपणीसबाई.
आडनावाला जागून सगळं टिपायच्या:
कुठल्या कानाला कुठलं यंत्र, सेल कधी संपणार,
सून घरी कधी असते,
आणि हिरव्या पाठीच्या रजिस्टरात, उभ्या रकान्यात,
कार्डाचे सोळा आकडे,
खाली मुदत,
त्याखाली मागच्या बाजूचे तीन.
"दर वेळी कशाला विचारायचं हो?
धड ऐकू येत नाही बिचाऱ्यांना."

कर्णिककाका घंटाळीवरून नंबर सांगायचे
तो फोन नसता तरी पोचला असता.
रिसीव्हर हातभर लांब धरूनसुद्धा
बाकावरच्या चौघांना पाठ.
आम्ही हसायचो. मी जास्त.
खणाला कुलूप होतं,
किल्ली कुलपालाच लोंबत असायची.

बाई निवृत्त झाल्या. जाताना कपाट लख्ख करून गेल्या.
अकरा रजिस्टरं, साडेआठ किलो,
रद्दीचे पैसे नाण्यांसकट
माझ्या टेबलावर, पेपरवेटखाली.
चोख हिशेब.

चरईपर्यंत धावत गेले.
रद्दीवाला म्हणाला, "ती? कालच गेली ताई.
पुड्यांना. तळावपाळीवर."

मग तीन संध्याकाळी मी तलावाच्या कठड्यावर
चणे खाल्ले. भूक नव्हती.
पुडी उलगडायची, वाचायची, दुसऱ्या गाडीवर जायचं.
कुणाची भूगोलाची वही, नद्यांना निळी शाई.
कुठल्या सोसायटीचं पाण्याचं भांडण.
तिसऱ्या दिवशी, सातवी पुडी,
बाईंचं वळणदार अक्षर.
सौ. इंदुमती फणसे, डावा कान.
सोळातले अकरा आकडे स्वच्छ,
उरलेल्यांवर लिंबाचा डाग.
फणसेबाई जाऊन दोन वर्षं झाली.
आकड्यांना कुणी कळवलं नव्हतं.

तिथेच फाडला कागद, बारीक बारीक,
आणि कचऱ्याच्या डब्यात टाकवेना.
पर्समध्ये घालून घरी आणला.

विश्वास ठेवला, म्हणतो आपण.
ठेवला म्हणजे कुठे?
कुठल्या खणात, आणि किल्ली कुणाकडे?
माझ्याकडे तर कुणी काही ठेवलंच नव्हतं,
मीच मागून घेतलं होतं, सोयीसाठी,
आणि मग विसरले होते.

दुसऱ्या दिवशी एकेकाला फोन.
कार्ड बदलून घ्या, काका. बँकेत सांगा.
नाही, तुमची चूक नाही.
आमची. आमची! हो, आमच्याकडून बाहेर गेला!
ओरडून सांगावं लागलं, बाकावरच्या चौघांदेखत.
दोघींनी काहीच न बोलता ऐकलं.
एकांनी यंत्राचे पैसे परत मागितले, दिले.
कर्णिककाकांना एवढंच कळलं की मला नंबर हवाय.
"घे लिहून," म्हणाले, आणि सुरू झाले,
खणखणीत, जुन्या विश्वासाने.
तिसऱ्या आकड्यावर
मी त्यांचं बोलणं तोडून
फोन ठेवला.
वीस वर्षांत पहिल्यांदा.
मग बराच वेळ हात तिथेच होता.

आता खण रिकामा आहे. त्यात सेलची पाकिटं.
नवी मुलगी ऋजुता पहिल्याच दिवशी म्हणाली,
"मॅडम, नंबर लिहून ठेवू का? पुढच्या वेळी सोपं."
तिला पावती दाखवली:
बारा फुल्या, शेवटचे चार आकडे.
फुल्यांखाली काय आहे ते आपल्याला माहीत नाही,
आणि माहीत नसणं हे आपलं काम.
ती जरा हसली. कानाच्या दुकानात असं सांगणं!

काल कर्णिककाका आले, नवं यंत्र, नवं कार्ड.
मशीन त्यांच्या पुढ्यात सरकवून
मी भिंतीवरच्या कॅलेंडरात
एकादशी शोधत बसले.
चार वेळा टिक् वाजलं.
"अगं," ते म्हणाले, चक्क हळू आवाजात,
"हे वाजतं, ते आज कळलं."