धीम्या गतीच्या बातम्या

केंद्राकडून उत्तर आलं तीन ओळींचं:
त्या वर्षांच्या फिती उपलब्ध नाहीत.
फिती महाग होत्या तेव्हा.
एका भाषणावर दुसरं भाषण चढायचं,
त्यावर भुईमुगाची निगा, त्यावर सनई.

म्हणून मी कंग्राळीत,
द्वारकाबाईंच्या माळ्यावर.
पत्र्याच्या ट्रंकेत एकतीस वह्या
आणि एक पाल,
जिला अजून संदर्भसूचीत घेतलेलं नाही.

दिल्लीचा निवेदक मुद्दाम हळू बोलायचा,
छोट्या पेपरांना उतरवून घेता यावं म्हणून.
प्रत्येक वाक्य दोनदा,
विरामचिन्हंसुद्धा तोंडानं.
खडेबाजारात जिन्याखाली बसून
द्वारका कंग्राळकर, वय एकोणीस, हिंदी ऐकायची
आणि मराठी लिहायची.
कागद जायचा बसवण्णी मुगळखोडकडे.
त्याच्या घरात कन्नड,
बोटांत मराठी, तीही उलटी,
खिळ्याखिळ्यानं.

दोन वाक्यांमधल्या रिकाम्या वेळात
तिनं समासात लिहून ठेवलंय:
रॉकेल दोन बाटल्या.
अक्काच्या पोराला गोवर.
शहापूरच्या विणकराचे अकरा रुपये बाकी.
सुरुवातीला मी समास सोडून उतरवत होतो.
पहिल्या सहा वह्या त्यामुळे परत कराव्या लागल्या.

माझ्या तिसऱ्या प्रकरणात एक सिद्धांत होता.
एका ऑक्टोबरात सलग अकरा अंकांत
‘बेळगाव’ नाही, ‘बेलगाव’ छापलंय.
मला त्यात कुणाचा तरी हुकूम ऐकू आला,
वरून आलेला फोन,
संपादकाची घाबरलेली मान.
बारा पानं लिहिली. सव्वीस तळटिपा.

टिळकवाडीत बसवण्णींच्या मुलाचं झेरॉक्सचं दुकान आहे.
तिथं उभ्यानं वाचून दाखवलं.
तो हसला नाही.
मशीनचं झाकण लावलं, म्हणाला,
“ळ संपला असंल की सर.
त्या दिवसांत ओळीओळीला गावाचं नाव.
केसमध्ये ळ असायचे किती? तीस? चाळीस?
अप्पा रात्री हात धुताना बोलायचा,
आज गाव पुरलं नाही.”

मागं कुणीतरी आधार कार्डाच्या दोन प्रती मागत होतं.

बारा पानं फाडली नाहीत मी.
नुसती काढून ठेवलीत.
अधूनमधून बघतो,
किती छान लिहिली होती.

मग वही एकोणीस.
वाक्य संपलं की सगळीकडं तिनं टिंब दिलंय.
एका रात्री मात्र अक्षरांत लिहिलंय,
पूर्णविराम.
दोन ओळींनी पुन्हा,
पूर्णविराम.
पानाच्या तळापर्यंत असं नऊ वेळा.
बातम्या साध्याच: धरणातलं पाणी, साखरेचा दर,
कुठल्याशा मंत्र्यांचं विमान उशिरा.
समास कोरा.
तारीख पडताळली.
गावात काही नव्हतं, बाजार उघडा होता.

“त्या रात्री काय झालं होतं?”

द्वारकाबाई मसूर निवडत होत्या.
खडा दिसला की नखानं उडवायच्या,
बघायच्या नाहीत कुठं पडला.
“काय की बाबा. हात दमला असंल.”
मी काही बोललो नाही.
“असलं पण लिहितास?”
“लिहितो.”
“मग लिही, हात दमला.”

लिहिलं.
मग त्यांनी सूप बाजूला सारलं,
माझ्या पेन्सिलीच्या टोकाकडं बघितलं
आणि बोलायला लागल्या,
हळू,
त्या जिन्याखालच्या वेगानं:

बसवण्णी ळ मागायला शेजारच्या छापखान्यात जायचा.
बसवण्णी ळ मागायला शेजारच्या छापखान्यात जायचा.
कधी मिळायचा,
कधी मिळायचा,
एकदा मी त्याच्याबरोबर गेले होते,

“अल्पविराम,” म्हणाल्या,
आणि पुन्हा सूप ओढून घेतलं.