किल्ली नरसव्वाकडे

विडी घरकुलात दारं फक्त झोपताना लागतात.
मार्चपासून तीही नाहीत.
उकाडाच तसा. आणि शिवाय
भर दुपारी लावलेलं दार म्हणजे
आत काहीतरी झालंय.

मी एकदाच लावलं होतं, तासभर.
तेवढ्यात तिघी येऊन गेल्या.
गौरव्वानं विचारलं, ताप आहे का.
शमीमआपानं विचारलं, भांडण झालं का.
नरसव्वा येमूल काही विचारत नाही.
ती कडी वाजवते
आणि शेंगाचटणीची वाटी पुढं करते.
वाटी रिकामी परत करायची नसते,
म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा
दार उघडावं लागतंच.

ओट्यावर आम्ही सात जणी, मांडीवर सुपं.
हजार विड्या होईस्तोवर
सगळीचं सगळं निघतं:
कुणाचा नवरा माग बंद पडल्यापासून भिवंडीला,
कुणाच्या सुनेचे दिवस चुकलेत,
भिशीचा नंबर कुणी, कशासाठी आधी मागून घेतला.
तेलुगूत सुरू होतं, कन्नडात वाढतं,
मराठीत येईस्तोवर त्याचं हसू होतं.
मीही सांगते. खोटं कशाला बोलू,
सांगताना बोटं भरभर चालतात.

पण कपाटावर एक पत्र्याचा डबा आहे,
लिमलेटच्या गोळ्यांचा. वर पोपट,
पोपटाच्या गळ्याशी बारकं कुलूप.
सगळ्यांनी पाहिलाय.
पोरांनी हलवूनही बघितलाय. वाजत नाही.
त्याचं मी कधी काही सांगितलेलं नाही.
वीस वर्षांचा शेजार,
आणि एका डब्यापुरती मी परकी,
असं वाटायचं कधीकधी, रात्री.

गड्ड्याच्या जत्रेत पोट धरून खाली बसले.
पिशवी काढली. सिव्हिलमध्ये अकरा दिवस.
जाताना किल्ली नरसव्वाच्या तळहातावर ठेवली,
दुसरं कोण होतं?
रिक्षात डोळ्यांपुढं दवाखाना नव्हता,
पोपट होता.
तेवढ्याशा कुलपाला काय,
केसातली पिनही पुरते.

परत आले तर
पाचव्या दिवशीच्या नळाचं पाणी
पिंपात, कळशीत, तांब्यातसुद्धा.
गाद्यांना ऊन दिलेलं.
माझ्या वाटच्या विड्या सहा जणींनी वळून
कारखान्यात पोचवलेल्या, कार्डावर आकडा चढलेला.
कपाट वरपासून खालपर्यंत लख्ख.
डब्यावर मात्र
अकरा दिवसांची धूळ,
मागच्या टॉवेल कारखान्याची रुई धरून
जाड झालेली.
ओलं फडकं त्याच्या भोवतीनं
वळसा घालून गेलं होतं.

मी तिथंच बसले. टाके ओढले गेले.

संध्याकाळी नरसव्वानं किल्ली दिली.
म्हणाली, पाल होती गं घरात, हाकलली.
एवढंच.

आता समोरच्या खोलीत नवी भाडेकरू आलीय.
दाराला जाड चादर बांधते, दिवसासुद्धा.
ओट्यावर चर्चा: हिचं काय असेल?
काल वाऱ्यानं दिसलं,
चादर खाली वीतभर आखूड पडतेय.
माझ्याकडं फुलाफुलांची जुनी पट्टी होती,
मी जोडून दिली.
जाताना वाटीही नेली, चटणीची.

डबा अजून पुसलेला नाही.
मन होत नाही.