दुसरा हुकूम

शिरगुंडीचं संस्थान नकाशावर
अंगठा ठेवला की झाकून जायचं.
जतच्या पूर्वेला एकवीस गावं, एक कचेरी,
कचेरीची एकच सायकल. ती माझ्याकडं.

राजेसाहेब वाईट नव्हते.
सकाळी सातला पर्जन्यमापकात डोकावायचे
आणि वहीत स्वतःच्या हातानं लिहायचे : शून्य.
दोन पावसाळे शून्य लिहिलेला माणूस.
लेव्हीची ज्वारी त्यांनी माफ केली, सोमवारी.
बुधवारी एजंटसाहेबाचं पत्र आलं.
गुरुवारी पुन्हा बसवली.

शनिवारी कोठारापुढं सहाशे माणूस.
पहिला हुकूम फौजदार घोड्यावरून घेऊन गेला : जमाव पांगवा.
तासाभरानं मला आत बोलावलं.
शाई ओली होती. गोळी नको, कोठार उघडा.
मोहोर तिरकी बसलेली.
जा, म्हणाले, आणि माझ्याआधी तेच दारापर्यंत धावले,
एका पायात जोडा नव्हता.

ओढ्याच्या उतारावर बाभळीचा काटा.
ट्यूब काढली, थुंकी लावून भोक शोधलं,
पॅच चिकटेस्तोवर फुंकर घालत बसलो.
तेवढ्यात तीन आवाज.
मग बराच वेळ कावळे.

निंगव्वा कोष्टी. हुसेन पिंजारी.
तिसऱ्या पोराचं नाव रात्री कळलं, दर्याप्पा.
रिकामं पोतं खांद्यावर तसंच होतं त्याच्या.

मी पोचलो तेव्हा कुलूप तुटलं होतं.
सहाशे तोंडं राजाच्या नावानं बोंब ठोकत होती
आणि माझा हात खिशात.
सरकार नको म्हणाले होते, एवढं जरी वाचलं असतं
तर निम्मी माणसं तिथंच मटकन बसली असती,
निम्मी पाया पडायला राजवाड्यावर.
मी कागद काढला नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.
दप्तर जाळलं, तारा तोडल्या, चावडीत आपले पंच बसवले,
चौदा महिने एकाही गावानं सारा भरला नाही.
राजाच्या गोळीनं क्रांती झाली, असं भाषणात सांगतात.
मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो.

राजवाड्यावर गेलो त्या दिवशी
फाटक त्यांनी स्वतः उघडलं, किल्ल्या पायरीवर ठेवल्या.
म्हणाले, तेवढं पावसाचं भांडं हलवू नका, नोंद तुटेल.
मग मला ओळखलं.
"पोचला होतास?"
"पोचलो होतो, सरकार."
"कधी?"
मी सायकलच्या चाकाकडं बघत राहिलो.

हुकमाची नक्कल होती त्यांच्याकडं,
जावक नंबर एकशे बारा.
त्या गर्दीला वाचून दाखवता आली असती.
त्यांनी नुसती मान हलवली,
एखादा आकडा वहीत उतरवून घ्यावा तशी.

अस्सल अजून माझ्याकडं आहे.
घडीवर कागद झिजून भोक पडलंय,
नेमकं 'नको'च्या जागी.