शून्य ते सहा

एप्रिल. चोपडा. वर्ग क्रमांक चौदा.
दुपारी दोनला खडूसुद्धा हाताला गरम लागतो.
बाहेर केळीचा ट्रक रिव्हर्स घेतोय,
त्याचं पीं-पीं ऐकत आम्ही
लग्नातले पाहुणे मोजतोय.

स्पर्धा पुण्याला, रविवारी. सहा प्रश्न, तीन तास.
मागच्या वर्षी आमच्या चौघांना शून्य मिळालं.
तिथला मध्यकही शून्यच होता,
हे मी घरोघरी जाऊन समजावलं.
पालकांनी मध्यक सोडून दिला,
शून्य तेवढं ठेवून घेतलं.

प्रश्न असा:
एका लग्नात काही पाहुणे आपसात हात मिळवतात.
सिद्ध करा, की निदान दोघे असे निघतील
ज्यांच्या हात मिळवण्याचा आकडा एकच.

दिगंबर बाविस्कर म्हणाला,
"सर, लगनमा इतला लोके कोन मोजस?"
हेमांगी नेहेतेने तीन पानं भरली,
तिचा n वाढतच गेला, मांडव पुरेना.
नाझनीन तडवी पेनाचं टोपण चावत बसली.
मी काही बोललो नाही.
हे शिकायला मला अकरा वर्षं लागली,
उत्तर ओठांवर आलेलं असताना
खिडकीतला कडुनिंब बघत राहणं.

शेवटच्या बाकावर रायसिंग पावरा,
लासूरच्या वर, डोंगरातल्या पाड्यावरचा.
तीन आठवड्यांत त्याचा आवाज
फक्त हजेरीला.
तो उठला. फळ्यावर सात ठिपके काढले,
सहा जवळजवळ, एक लांब.
लांबच्या ठिपक्यावर बोट ठेवलं:
"हा कोणालाच भेटला नाही.
मग सगळ्यांना भेटलेला कोणी असेल कसा?
याला तर तो भेटलाच नाही."

शून्य असेल तर सहा नाही,
सहा असेल तर शून्य नाही.
माणसं सात, आकडे उरले सहा.
झालं.
हेमांगीने आपल्या तीन पानांवर तिरपी रेघ मारली.
दिगंबर म्हणाला, "आयला."

पूर्ण गुण लिहायला मी वळलो
आणि फळ्यापाशीच अडकलो.
सहा ते, सातवा मी.
ठिपके तेवढेच.
इतके दिवस मी स्वतःला सहा धरत होतो,
सगळ्यांना ओळखणारा सर,
कोणाचे वडील कोणत्या बागेत कामाला
हेसुद्धा पाठ असलेला.
आणि शून्य मागच्या बाकावर बसलेलं.
म्हणजे मी फार तर पाच.
पुरावा त्याच्या अक्षरात, माझ्या खडूने.

"रायसिंग, येतोस कसा रे?"
"लासूरपर्यंत चालत. तिथून जीप."
"किती वाजता?"
"वेळ नसते. भरली की सुटते."
"किती जण बसले की भरते?"

तो पहिल्यांदा हसला.
"ते सिद्ध करता येत नाही, सर."