वाळू सोडून

हिलोच्या वरच्या आळीत, जिथे
रस्त्यापेक्षा नेच्यांची पानं जास्त,
हात्सुए ओयामानं दार उघडलं
आणि आधी माझे बूट पाहिले.
बूट काढले. मग गिटार पाहू दिली.

जेवणाच्या टेबलावर पालथी, टॉवेलवर,
साफ करायला घेतलेल्या माशासारखी.
पितळेचं अंग, वर निकेलचा मुलामा,
पाठीवर कोरलेली नारळाची दोन झाडं
आणि मधोमध एक होडी, कुठेच न निघालेली.
एकतीस सालची, असं भाऊ सांगायचा.
ठोकलेल्या क्रमांकातला शेवटचा आकडा
खारी हवा खाऊन बसली आहे.

मी नळ जोडणारा माणूस.
सुरातलं मला बेताचं कळतं, सांध्यातलं पुष्कळ.
कडेवरून बोट फिरवलं. झाळ सलग, कुठे गाठ नाही.
ज्यानं कुणी हे जोडलं
तो त्या दिवशी घरी भांडून आला नव्हता.

उजवा हात टेकतो तिथे मुलामा पार गेलेला,
पितळ उघडं पडलेलं.
एरवी हे काही चांगल्या माणसाबद्दल म्हणत नाहीत.
इथे तळहाताएवढी जागा
उन्हात ठेवल्यासारखी पिवळी:
पंधरा वर्षं एक मनगट
रोज याच ठिकाणी येत राहिलं.

"शिनमाचीत राहायचो आम्ही," ती म्हणाली.
"शेचाळीसच्या लाटेत घर गेलं.
ही तिसऱ्या दिवशी मिळाली, बंदराकडे,
चिखलात तोंड खुपसून.
भाऊ त्याच्या आदल्या दिवशी मिळाला होता."

मी काय बोलणार. टॉर्च काढला,
दाताच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा काढला,
आत डोकावलो.
ॲल्युमिनियमचा कोन, कागदाइतका पातळ, शाबूत.
त्याच्याभोवती वाळलेल्या पाण्याची रेघ.
आणि तळाशी वाळू.

मांडीवर आडवी घेऊन लोखंडी दांडा तारांवर सरकवला.
तिसरी तार झणझणली,
डब्यात माशी कोंडल्यागत.
"आवाज कसा वाटतो तुम्हाला?" मी विचारलं.
"मला कधीच आवडला नाही.
मी पाढे पाठ करायची आणि हा भिंतीपलीकडे
रात्रभर हेच."

बावीसशे डॉलर, ती म्हणाली.
माझ्या पाकिटात एकोणीसशे.
मी नाक मुरडलं. घासाघीस करायची
तर नाक मुरडावंच लागतं.
म्हटलं, झणझणते. आत वाळू आहे.

"वाळू विकायची नाही," ती म्हणाली.
"वाळू सोडून काय ते बोल."

तिनं टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं.
मी झाकणाचे नऊ स्क्रू सोडवून
चहाच्या बशीत ठेवले,
कोन उचलला, गिटार उपडी धरली, थोपटली,
पोटात वारा धरलेल्या बाळासारखी.

दोन चमचे भरली. काळी, ओलसर वाटावी अशी.
शिंपल्याचा एक कपचा.
हात्सुएनं बोटानं ती सारखी केली,
पुन्हा विस्कटली, पुन्हा सारखी केली.
बाहेर पाऊस चालूच होता, तो इथे असतोच.
मग कागदाची पन्हळ करून
दाराशी असलेल्या अँथुरियमच्या कुंडीत
सगळी ओतली, वरून माती दाबली,
हात धुतले साबणानं, दोनदा.

"आता हलकी झाली," म्हणाली.
"तीनशे कमी दे."

घरी येऊन वाजवली.
तिसरी तार स्वच्छ. लांबवर जाते.
मी थांबून ऐकतो, पुन्हा छेडतो,
माशी गेली खरंच.
बायको म्हणते, काय शोधतोयस?

रात्री झाकण पुसताना लक्षात आलं,
स्क्रू आठच. नववा बशीत राहिला.
फोन केला.

"आहे बशीत," हात्सुए म्हणाली.
"ये सवडीनं. चहा घेऊन जा.
गिटार मात्र घरीच ठेव."