नवा शब्द

विट्याहून दोन फाटे पुढं आमची शाळा.
नवा फळा काचेचा,
बोटानं लिहिलं की छापील करून देतो.
खाली पितळी पट्टी :
गलाईवाल्यांकडून सप्रेम, इरोड.

सत्यजित मेटकरीनं चवड्यांवर उभं राहून लिहिलं,
माझे वडील गलाई करतात.
फळा म्हणाला, मलाई.

वर्ग लोळला हसून.
त्यानं पुसलं, परत लिहिलं,
ग चा काना पार खालपर्यंत ओढून.
मलाई.
पुन्हा मलाई.

मला वाटलं, आता रडतो.
तो फळ्यालाच समजावायला लागला :
आरं, मूस असती, तेजाब असतंय,
जुनं दागिनं वितळवायचं,
मग नुस्तं सोनं ऱ्हातंय तळाला.
पप्पांच्या भुवया जळल्यात त्यात.

तेवढ्यात कोपऱ्यात बारीक चौकट उगवली :
नवा शब्द जोडू?
तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊनही
मला ती कधी दिसली नव्हती.
त्यानं अंगठा टेकवला.

आता फळ्याला गलाई येतं.
परवा सहलीचा हिशेब मांडत होते,
तर त्यानं आपणहून दुरुस्त केलं :
गलाई कुल्फी, तीस नग.